समोर, उजेडात, नेहमीच्या आवाजात

अमरावती, अंबागेट
१० जुलै १९६१

तीर्थरूप मामाजी यांच्या पायांशी शकुनचा नमस्कार. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. एस.टी. मूर्तिजापूरला बराच वेळ उभी होती. बाकी त्रास झाला नाही.

कानाचं यंत्र तुमच्याकडे ठेवून आले, पण ते वापरायचं कसं हे सांगून आले नाही. सांगायचं होतं. दाराच्या चौकटीआड बसून मी चार वाक्यं बोललेही. तुम्ही मान हलवलीत. ऐकू आलं की नुसतीच मान हलली ते कळलं नाही, आणि विचारायचं तर पुन्हा बोलावं लागलं असतं. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सासऱ्यांच्या पुढ्यात पदर कपाळाखाली ठेवायचा आणि आवाज घशाखाली. सासूबाई गेल्या. पाच वर्षांपूर्वी हेही गेले. इथल्या शाळेत मी वर्गभर मुलींना मोठ्या आवाजात शिकवते, पण अकोल्याच्या मळ्यावर आले की आवाज आपोआप खाली जातो. म्हणून लिहिते. पत्रात मला तुमच्याशी बोलता येतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. कानात बसवायचा साचा तुमच्याच कानाच्या मापाचा आहे, तो दुसऱ्याला होत नाही. तो नीट आत बसला नाही तर यंत्र शिट्टी मारतं. शिट्टी आली की छातीवरच्या डबीचं आवाजाचं चाक फिरवू नका, आधी साचा बसवा. चाक लहान आकड्यापासून हळूहळू वाढवायचं. पहिले काही दिवस घरातच, शांत वेळी, तासभर लावायचं. बाजारात नाही आणि विहिरीवरच्या इंजिनाजवळ तर मुळीच नाही. डबीला पाणी लागू देऊ नका. रात्री यंत्र काढून ठेवायचं आणि सेलही बाहेर काढायचा. कान दुखला तर लावणं थांबवून मला कळवायचं. आणि जो बोलेल त्याने समोर बसावं, उजेडात बसावं, नेहमीच्या आवाजात बोलावं. ओरडू नये.

भगवंतरावांबद्दल तुम्ही कागदावर लिहून विचारलंत. त्यांची बडनेऱ्याहून जबलपूरला बदली जानेवारीत होते आहे. त्याआधी त्यांना लग्नाबद्दल माझं उत्तर हवं आहे. मी त्यांना सांगितलं आहे की मामाजी मळ्यावर एकटे राहतात, मागून ट्रक आला तरी त्यांना कळत नाही. यंत्राची त्यांना सवय झाली, माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येऊ लागलं, तर मी हो म्हणेन. नाही तर अमरावती सोडणार नाही. यावर तुम्ही रागावू नये.

आहे ती माया राहू द्यावी, ही विनंती.

तुमची
शकुन


अकोला, अकोट रस्ता
२५ जुलै १९६१

चि. शकुन हिस खुशालरावाचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. पाऊस बरा आहे. वांग्याची रोपं लावून झाली. इंजिन दुरुस्त करून आणलं.

यंत्र लावलं. डबी बंडीच्या आत ठेवली, कारण बाहेर ठेवली तर येणारा-जाणारा विचारतो. ऐकू असं आलं की माझ्या छातीवर एक बैल बसून कडबा चावतो आहे. मी हललो की तो चावतो, थांबलो की थांबतो. दोन दिवस ऐकलं. बैलाला चारा पुरेसा आहे एवढं समजलं, त्यापलीकडे काही नाही.

तू आलीस तेव्हा बोललीस हे मला पत्रातून कळलं. मला चौकट दिसली, आणि चौकटीबाहेर आलेलं लुगड्याचं टोक. मान हलवली ती सवयीने. या घरात नेहमी असंच होतं. सुनेने हळू बोलायचं आणि सासऱ्याने ऐकलं नाही असं दाखवायचं. आपल्या देवीदासची आई, तुझी सासू, तीही माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलायची. त्यामुळे माझे कान नक्की कधी गेले ते मला सांगता येत नाही. पुष्कळ वर्षं मी समजत होतो की घरात रीत पाळली जाते आहे.

माझ्या कानाचा आणि तुझ्या उत्तराचा संबंध तू जोडलास, तो मला पसंत नाही. माणूस चांगला असेल तर हो म्हण. मी बहिराच मेलो तर मळ्यातल्या वांग्यांना काही फरक पडत नाही.

रागावलो नाही. पत्र पाठवत जावं.

खुशालराव


अमरावती
८ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप मामाजींना शकुनचा दुरून नमस्कार. वि. वि.

बैलाबद्दल वाचून मी शाळेत मधल्या सुट्टीत एकटीच हसले. मोठ्या बाईंनी कारण विचारलं. सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, म्हणून पुढचं सांगितलं नाही.

डबीच्या पुढच्या बाजूला बारीक जाळी आहे. यंत्राचा कान तो. त्याच्यावर कापड आलं की ते कापडच ऐकतं. बंडीला बाहेरून खिसा शिवून घ्यावा आणि जाळी समोर येईल अशी डबी ठेवावी. लोक विचारतील. विचारू द्यावं. ते विचारतील तेव्हा समोर उभे असतील, तेवढाच सराव.

डॉक्टर म्हणाले होते की सवय व्हायला रोज थोडं ऐकलं पाहिजे आणि ओळखीचं ऐकलं पाहिजे. मळ्यावर तुमच्यासमोर बसून कोण बोलणार, हा प्रश्न आहे. मी महिन्यातून एकदा येते ती चौकटीपर्यंत. अकोटच्या आत्याबाई गौरीच्या सुमारास येणार होत्या, त्यांना ठेवून घ्यावं. त्यांचा आवाज मुळातच मोठा आहे, त्यांनी तो थोडा कमी करावा असं सांगावं.

तुम्ही भगवंतरावांविषयी पुढे काही विचारलं नाहीत, तरी लिहिते. आपल्याच समाजातले आहेत. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. बायको गेली, मूल नाही. मोठ्या बाईंचे मावसभाऊ. बोलतात कमी. माझी अट सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की यंत्र कोणत्या कानाला लावलं आहे.

इथे दिवस शाळेत जातो. संध्याकाळी खोलीवर आले की दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. घरमालकीण भली आहे, पण विधवा भाडेकरणीशी किती बोलावं याचं तिचं एक माप आहे. त्या वेळी मी तुमची पत्रं काढून वाचते.

शनिवारी तुमच्यासाठी दोन सेल पोस्टाने पाठवते. ओलीपासून जपावे. लोभ ठेवावा हे काय लिहायचं.

तुमची
शकुन


अकोला
२ सप्टेंबर १९६१

चि. शकुन हिस आशीर्वाद. वि. वि.

सेल मिळाले. खिसा शिवला. तुझं म्हणणं खरं निघालं, बैल गेला.

समोर बसायला कोणी नाही, म्हणून मी एक उपाय केला. दुपारी जेवण झाल्यावर ओट्यावर बसतो आणि तुझी पत्रं मोठ्याने वाचतो. माझाच आवाज यंत्रातून माझ्या कानात येतो. पहिल्या दिवशी दचकलो. कोणी म्हातारा माझ्या घरात शिरून तुझी पत्रं वाचतो आहे असं वाटलं. त्याला घसा खाकरायची वाईट सवय आहे. आता ओळख झाली. जुनी पत्रंही काढली. तू ट्रेनिंग कॉलेजात होतीस तेव्हाची. त्यात जागोजागी, काळजी करू नये, असं लिहिलं आहे. त्यावरून त्या वेळी तुझे हाल होते असा अंदाज आता आला. तेव्हा मी मनात वाचलं होतं आणि काळजी केली नव्हती.

इंजिनाजवळ जाताना यंत्र काढतो. काल कोणीतरी फाटकाशी हाक मारली आणि मी वळलो. भेंडी न्यायला आलेला गडी होता. तो बऱ्याच वेळा येऊन परत गेला होता म्हणे.

तुझ्या आत्याबाई, म्हणजे आपली माणिकबाई, पोळ्यानंतर येते आहे.

भगवंतरावाचा प्रश्न मला आवडला. उजव्या कानाला, असं त्यांना सांग.

खुशालराव


अकोला
८ ऑक्टोबर १९६१

चि. शकुन हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मेथीची घाई होती.

यंत्र आता फार चांगलं चालतं. आता काळजीचं कारण उरलं नाही. दिवसभर लावतो. सकाळी स्टेशनाकडच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा ऐकून उठतो. मग चिमण्या. मग विहिरीवर बादली आपटते ती. माणिकबाई स्वयंपाकघरातून बोलते ते ओट्यावर ऐकू येतं. बाजारात दोन माणसं एकदम बोलली तरी दोघांचं वेगवेगळं कळतं. रात्री मोर्णा नदीपलीकडे भजन चालतं तेही ऐकतो.

तेव्हा तुझी अट पुरी झाली. भगवंतरावांना दसऱ्याला होकार कळवून टाकावा. चांगल्या गोष्टीला वेळ लावू नये. डॉक्टरकडे पुन्हा जायचं नाही. तूही आता महिन्या-महिन्याला धावपळ करून येऊ नको. तुला तयारी करायची असेल.

सर्व ठीक आहे. काळजी करू नये.

खुशालराव


अमरावती
१५ ऑक्टोबर १९६१

आत्याबाईंना शकुनचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र पोस्टमनकडूनच वाचून घ्यावं, मामाजींच्या हाती देऊ नये.

मामाजींचं पत्र आलं. यंत्र उत्तम चालतं असं ते लिहितात. मी आनंदाने वाचत होते. ते म्हणतात, स्टेशनाकडच्या जिनिंगचा भोंगा ऐकून सकाळी उठतो. आत्याबाई, त्या जिनिंगला कुलूप आहे. दोन वर्षं झाली. माझी एस.टी. तिथूनच येते-जाते, तेव्हा पाहते. भोंगा वाजतच नाही. मामाजींचा बाजार दुसऱ्या बाजूला, ते तिकडे जात नाहीत, आणि त्यांना हे कोणी सांगितलं नसेल.

पत्राच्या शेवटी त्यांनी, काळजी करू नये, असं लिहिलं आहे. ते वाक्य कधी लिहितात ते मला माहीत आहे. ते माझंच आहे.

मला खरं काय ते हवं आहे. सप्टेंबरात त्यांना थोडं ऐकू येत होतं, त्या पत्रावर माझा विश्वास आहे. मग काय झालं? भगवंतरावांना मी अजून काही कळवलेलं नाही.

तुमच्या मायेतली
शकुन


अकोला
२५ ऑक्टोबर १९६१

शकुनले माणिकबाईचा लय आशीर्वाद.

मी सांगून राह्यली आन पोस्टमन लिहून राह्यला. मधात कुठी शुद्ध दिसलं त थे त्याचं समजजो, माह्यं नाही.

तुनं खरं इचारलं, म्हणून खरं आयक. तुह्या सासऱ्याले काई ऐकू येत नाही. डबी छातीवर लावून बसते, जसा पुलिसाचा बिल्ला. परवा मी मुद्दाम त्याच्या मांगं पितळीचा गंज, चांगलं मोठं भांडं, पाडला. शेजारीण धावत आली, ह्यो वाफ्यात बसून सांबार, तुमची कोथिंबीर, खुडतच राह्यला. मंग मी समोर जाऊन हातवारे करून इचारलं, काहून खोटं लिवलं पोरीले. त म्हणे, यंत्र बिघडलं. तिले सांगितलं त थे थांबते. लय थांबली आता, जाऊ दे तिले. मले म्हणे, तू तोंड उघडू नको. मी तोंड उघडलं नाही. पोस्टमननं लिवलं.

सुरवातीले थोडं येत व्हतं, हे खरं. मी आल्यावर बंद झालं. आता तू म्हणशीन आत्याचा पायगुण. मी त त्याची सेवाच केली. कान कोरडे ठण्ण पडले व्हते. दर शनवारी तिळाच्या तेलात लसूण तळून, कोमट करून, दोन्ही कानात सोडून राह्यली. आमची माय बी असंच करे. मंग थो वरून थे कानातलं बूच दाबून बसवते, तेल बाहीर येऊ नये म्हणून.

आन आणखी एक. राग आला त येऊ दे. तू येते आन दाराआड बसते, पदर नाकावर. बोलते थे तुह्या पदरालेच ऐकू येते. त्याले काय दिसते, निस्तं लुगडं. डाक्टर काय त्या लुगड्याचा कान तपासून गेला काय. तुही सासू काई आता पाहाले येत नाही. समोर बस, तोंड उघडं टाक. मी गावात सांगत नाही. पोस्टमन बी सांगत नाही म्हणते.

दिवाळीले ये. येताना अमरावतीचा चिवडा आणजो, इथला खवट असते.

माणिकबाई


अमरावती
१ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप मामाजींना शकुनचा नमस्कार. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत येते आहे. तुम्ही येऊ नको म्हणालात, तरी येते.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहून गेली. डबीला पाणी लावू नये हे मी लिहिलं. कानात तेल घालू नये हे लिहिलं नाही. आपल्याकडे सगळेच घालतात, म्हणून सुचलं नसावं. आत्याबाईंना काही बोलू नये. त्यांनी मायेने केलं.

तोवर यंत्र लावू नये. सोबत साबण, मऊ ब्रश आणि स्वच्छ फडकं आणते.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र पुन्हा वाचलं. त्यावर आपण बोलू. लिहू असं म्हणत नाही, बोलू असंच म्हणते आहे.

शकुन


अकोला
१९ नोव्हेंबर १९६१

चि. शकुन हिस आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यावर दोन दिवस कामात काढले. आता लिहितो.

तू तारेपासून साचा सोडवलास आणि कोमट साबणाच्या पाण्यात धुतलास, ते मी ओट्यावरून पाहत होतो. साच्यातलं भोक तेलाने आणि मळाने पार बुजलं होतं. तू ते उजेडाकडे धरून मला दाखवलंस. मी एवढे दिवस यंत्र मेलं असं समजत होतो. ते चालू होतं, रस्ता बंद होता. साचा फडक्यावर वाळत ठेवून तू आत गेलीस तेव्हा मला वाटलं, आता चौकटीआडून बोलशील.

तू बाहेर आलीस. माझ्यासमोर, उन्हात, पोत्यावर बसलीस आणि पदर खांद्यावर घेतलास. तुझं लग्न होऊन आठ वर्षं झाली, तुझा चेहरा मी पुरा पाहिला नव्हता. नागपूरच्या इस्पितळातही तू डोक्यावरून घेऊन होतीस. कपाळावर व्रण आहे हे मला माहीत नव्हतं. मला खाली पाहावंसं वाटलं. मग आठवलं की ओठ पाहिले तर ऐकायला सोपं जातं.

तुझा आवाज जाड आहे. तुझी पत्रं मी मनात एका बारीक आवाजात वाचत आलो होतो. तो आवाज कुठून आणला होता कोण जाणे. त्या आवाजाची मला सवय होती, आणि तो तुझा नव्हता. हे समजायला मला त्या दिवशी थोडा वेळ लागला, म्हणून मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल ऐकू आलं नाही. आलं होतं. पहिलंच वाक्य दटावणीचं होतं. यापुढे मामाजींनी मला खोटं लिहू नये, असं तू म्हणालीस. ती दटावणी मी मान्य केली आहे.

तू दुसऱ्या दिवशीही बसलीस. तिसऱ्या दिवशीही. माणिकबाई मधेमधे येऊन ओरडत होती, तिला तू हात वर करून गप्प केलंस. चौथ्या दिवशी तू पाठ फिरवून भांडी घासत होतीस आणि तरी मला तुझं बोलणं कळलं. भगवंतराव काय म्हणाले ते सांगत होतीस. मी उत्तर दिलं आणि तू वळून पाहिलंस. तेव्हा आपल्या दोघांनाही कळलं की अट पुरी झाली.

आता राहिलेलं लिहितो. जायच्या दिवशी फाटकापाशी तू एक विचारलंस. मी राहिले तर तुम्हाला बरं वाटेल का, असं विचारलंस. मी डबीचं चाक फिरवत बसलो आणि शिट्टी येते अशी खूण केली. शिट्टी येत नव्हती. प्रश्न ऐकू आला होता.

बरं वाटलं असतं. म्हणून चाक फिरवलं. बहिऱ्या माणसाला एवढी सवलत असते, ती मी शेवटची घेतली. आता तूच मला ऐकता करून गेलीस, तेव्हा पुन्हा मिळायची नाही.

भगवंतरावांना होकार कळव. लग्नाला येईन. गर्दीत यंत्र बंद ठेवीन, तू सांगितलंस तसं.

खुशालराव


जबलपूर
११ फेब्रुवारी १९६२

तीर्थरूप मामाजींना शकुनचा नमस्कार. वि. वि.

घर लागलं. रेल्वेची दोन खोल्यांची चाळ आहे. मागे लिंबाचं झाड आहे. पुढे रूळ आहेत. गाड्यांचा आवाज सतत असतो. तुम्ही इथे आलात तर यंत्र काढूनच ठेवावं लागेल.

ह्यांचा स्वभाव मी लिहिला होता तसाच आहे. बोलतात कमी, पण विचारलं की नीट उत्तर देतात. मला शाळेत जागा मिळेल की नाही ते जूनमध्ये कळेल. तोवर दिवस रिकामा आहे. शेजारणी हिंदी बोलतात. मला समजतं, पण उत्तर जुळवेपर्यंत त्या पुढच्या गोष्टीवर गेलेल्या असतात. मग मी मान हलवते. परवा मान हलवता हलवता तुमची आठवण झाली.

इथे ज्याच्यापुढे पदर घ्यावा असं कोणी नाही. तरी पहिले काही दिवस हात वर जायचा.

लग्नाच्या दिवशी तुम्ही नोंदणी कचेरीत भिंतीपाशी बसला होतात. निघताना मी वाकले तेव्हा तुम्ही काहीतरी बोललात. गर्दीमुळे मला ऐकू आलं नाही. काय म्हणालात ते विचारीन असं ठरवलं होतं, पण गाडीची वेळ झाली. सुचलं तर लिहावं.

आत्याबाई आहेत का? रोज लावता का? साचा आठवड्याला धुता का? सेल पाठवायला सांगितले आहेत.

पत्राखाली काय लिहावं ते सुचेना. सून लिहावं की नाही हे कोणाला विचारू? नुसतंच नाव लिहिते.

शकुन


अकोला
४ मार्च १९६२

चि. सौ. शकुन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाच वर्षांनी तुझ्या नावाआधी सौ. लिहिलं. बरं वाटलं.

माणिकबाई संक्रांतीनंतर अकोटला गेली. तिच्या सुनेचं तिच्यावाचून अडतं असं ती म्हणते. सून काय म्हणते ते माहीत नाही. हरभरा निघाला. इंजिन ठीक आहे.

लग्नाच्या दिवशी मी काय बोललो ते विचारलंस. सावकाश जा, एवढंच. त्या वेळी यंत्र बंद होतं, म्हणून किती मोठ्याने बोललो याचा मला अंदाज नव्हता. हळू बोललो असेन.

रोज लावतो. सकाळी तोंड धुतल्यावर लावतो, निजताना काढतो. साचा सोमवारी धुतो. कान दुखत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून पुढचं लिहितो. ते वाचून तू काही करायचं नाही.

बहिरा होतो तेव्हा मला वाटायचं की माझ्याभोवती सगळीकडे बोलणं चाललेलं आहे आणि ते तेवढं मला कळत नाही. ओट्यावर बसलो की वाटायचं, रस्त्यावरून जाणारे काही विचारून गेले असतील, आपण उत्तर दिलं नाही, त्यांना राग आला असेल. त्याचं मला पुष्कळ वर्षं वाईट वाटलं. आता सगळं ऐकू येतं. कोणी काही विचारत नाही. पूर्वीही विचारत नसावेत. पानं वाजतात, गाडी जाते, पाटाचं पाणी वाहतं. दुपारी मी तुझी पत्रं वाचतो, पण मोठ्याने वाचणं सोडलं. तुझा आवाज आता माहीत आहे आणि मला तो काढता येत नाही.

तरी एक सांगण्यासारखं आहे. फाट्यावरचा किराणावाला रामराव, त्याच्याकडे मी गूळ-चहाला जातो. पूर्वी मी बहिरा म्हणून तो दुकानाबाहेर यायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कानाशी तोंड आणून भाव सांगायचा. घरी कोण आलं, कोण गेलं, तेही तसंच सांगायचा. यंत्र आल्यावर तो आतूनच, तराजूवरून नजर न उचलता बोलू लागला. मला सगळं स्पष्ट ऐकू यायचं आणि मी पुडा घेऊन परत यायचो.

गेल्या आठवड्यात मी त्याला सांगितलं की सेल उतरला आहे. तो बाहेर आला. बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखा बोलला. काल पुन्हा तसंच सांगितलं. यंत्र चालूच होतं, तेव्हा त्याचं ओरडणं कानाला फार लागलं. चाक अगदी खाली आणलं आणि उभा राहिलो. त्याचा हात खांद्यावर होता.

तू पाठवलेले सेल मिळाले. पुरेसे आहेत. आणखी पाठवू नये.

खुशालराव